ल्युदमिला पावलिचेंको: ३०९ या आकड्यामागची इतिहासाची विद्यार्थिनी

शिशिरपान (धागाकर्ती)

नमस्कार.

ल्युदमिला पावलिचेंको हे नाव माझ्या वाचनात जेव्हा जेव्हा आले, तेव्हा त्याच्या जोडीला ३०९ हा आकडा आला. दुसऱ्या महायुद्धात इतके शत्रुसैनिक टिपणारी सोव्हिएत स्नायपर, एवढी ओळख करून देऊन लेखक पुढे सरकतात. गेली दोन वर्षे मी तिच्याविषयी मिळेल ते वाचत आले आहे आणि या वाचनातून माझे एक मत बनले आहे, ते असे की या आकड्यामुळे ती जगाला माहीत झाली आणि या आकड्यामुळेच तिचे आयुष्य कोणी नीट पाहिले नाही. ते आयुष्य येथे सलग मांडण्याचा प्रयत्न करते. जाणकारांनी चुका दाखवाव्यात.

तिचा जन्म १२ जुलै १९१६ रोजी कीवच्या दक्षिणेकडील बिला त्सेर्कवा या गावी झाला. हे गाव आज युक्रेनमध्ये आहे. तेव्हा ते झारच्या साम्राज्यात होते. ती १४ वर्षांची असताना कुटुंब कीवला आले. फार लवकर लग्न, रोस्तिस्लाव नावाचा मुलगा आणि थोड्याच काळात मोडलेला संसार, एवढे सगळे विशी गाठण्यापूर्वीच घडून गेले. पावलिचेंको हे त्या पहिल्या नवऱ्याचे आडनाव. माहेरचे आडनाव बेलोवा. कीवच्या ‘आर्सेनल’ या शस्त्रांच्या कारखान्यात ती धातू घासण्याच्या यंत्रावर कामाला होती. काम करता करता शिक्षण पुरे करून तिने १९३७ मध्ये कीव विद्यापीठात इतिहास विषयाला प्रवेश घेतला आणि प्रबंधासाठी सतराव्या शतकातील कोसॅक सेनानी बोहदान ख्मेलनित्स्की हा विषय निवडला.

नेमबाजी तिला शिकायला मिळाली ती ओसोआविआखिम या संघटनेच्या वर्गांत. नागरिकांना नेमबाजी, हवाई छत्रीने उडी मारणे अशा गोष्टींचे शिक्षण देण्यासाठी सोव्हिएत सरकारने उभी केलेली ही संस्था होती. शेजारचा एक मुलगा नेमबाजीच्या मैदानावरच्या आपल्या पराक्रमाच्या बढाया मारीत असे आणि मुलीलाही हे जमते हे दाखवण्यासाठी आपण तेथे गेलो, असे तिने स्वतः सांगितले आहे.

२२ जून १९४१ रोजी जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला, तेव्हा ती ओदेसा या काळ्या समुद्रावरच्या बंदरात होती. भरती कार्यालयात तिला परिचारिका होण्याचा सल्ला मिळाला. तिने तो मानला नाही, आपली प्रमाणपत्रे पुढे केली आणि शेवटी तिला रशियन यादवी युद्धातील सेनानी चापायेव्ह यांचे नाव लावणाऱ्या २५ व्या रायफल डिव्हिजनमध्ये घेण्यात आले. येथे एक तपशील मला महत्त्वाचा वाटतो. सैन्यात आल्यावर तिच्या हाती बंदूक नव्हती, कारण बंदुका पुरेशा नव्हत्याच. हातात एकच हातबॉम्ब घेऊन समोरची लढाई पाहत राहणे किती क्लेशाचे होते, हे तिने पुढे नोंदवले आहे. जवळचा एक सैनिक तोफगोळ्याच्या तुकड्याने जखमी झाला आणि त्याने आपली मोसिन-नागांत रायफल तिच्या हाती दिली, तेव्हा ती खऱ्या अर्थाने सैनिक झाली. बेल्यायेव्हका गावाजवळ तिने पहिले दोन सैनिक टिपले.

ओदेसाला प्रामुख्याने रुमानियाच्या सैन्याने वेढा घातला होता. १९४१ च्या ऑक्टोबरच्या मध्याला हे बंदर सोडून सोव्हिएत सैन्य समुद्रमार्गे क्रीमियात, सेवास्तोपोलला गेले. तोपर्यंत तिच्या नावावर १८७ नोंदी झाल्या होत्या. सेवास्तोपोलचा वेढा त्याहून दीर्घ आणि भयंकर होता. डोंगर, घळी, खुरटे रान आणि चुनखडीचे खडक असलेल्या त्या प्रदेशात ती जवळजवळ आठ महिने लढली.

स्नायपरच्या कामाचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय हे आठ महिने कळणार नाहीत. ही माणसे बहुधा जोडीने जात. एक डोळ्याला दुर्बीण लावून टेहळणी करी आणि दुसरा नेम धरी. उजाडण्यापूर्वी दोन्ही सैन्यांच्या खंदकांमधल्या मोकळ्या पट्ट्यात सरपटत जायचे, आधी हेरून ठेवलेल्या खळग्यात किंवा झुडपात पडून राहायचे आणि पुन्हा अंधार पडेपर्यंत तेथून हलायचे नाही. खाणे, पाणी, देहधर्म, थंडी, सगळे त्या एका जागी. गोळी एखादीच झाडायची आणि जागा बदलायची, कारण दुसऱ्या गोळीने आपला ठावठिकाणा शत्रूला कळतो. तिच्या रायफलीवरची दुर्बीण चौपट मोठे दाखवणारी होती. चौपट म्हणजे २०० मीटरवरचा माणूस ५० मीटरवर उभा आहे असे दिसते. त्याने दाढी केली आहे की नाही हेही दिसते.

तिने टिपलेल्यांत ३६ शत्रूचे स्नायपर होते. समोर आपल्यासारखाच कोणी दडून बसला आहे आणि जो आधी हलेल तो मरेल, अशी ती झुंज असे. त्यांतली एक तीन दिवस चालल्याचे तिने सांगितले आहे. जर्मन सैन्य ध्वनिक्षेपकांवरून तिचे नाव घेऊन बोलू लागले. आमच्याकडे ये, चॉकलेट देऊ, अधिकारी करू, असे आधी. आणि ती बधत नाही म्हटल्यावर, तुझे ३०९ तुकडे करू, असे नंतर. त्यांनाही आपला आकडा ठाऊक होता याचा आपल्याला आनंद झाला, हेही तिने सांगून टाकले आहे. मला या वाक्यापाशी बराच वेळ थांबावे लागले. २५ वर्षांची, इतिहास शिकणारी, एका मुलाची आई असलेली स्त्री या आनंदापर्यंत कशी पोहोचली असेल, हा माझा खरा प्रश्न आहे.

सेवास्तोपोलमध्येच तिचा जीव ज्याच्यावर जडला तो सहकारी स्नायपर कित्सेंको तोफमाऱ्यात जखमी होऊन मरण पावला. जून १९४२ मध्ये ती स्वतः चेहऱ्यावर जखमी झाली आणि तिला पाणबुडीतून बाहेर काढण्यात आले. थोड्याच दिवसांत सेवास्तोपोल पडले.

पुढचा भाग, म्हणजे अमेरिकेचा दौरा आणि नंतरचे आयुष्य, प्रतिसादांतून यावा असे वाटते, कारण त्याविषयी येथे माझ्यापेक्षा अधिक जाणणारे आहेत.


गडवाट

लेख मनापासून आवडला, परंतु एका गोष्टीला हरकत नोंदवतो. आकडा बाजूला ठेवा असे आपण म्हणता, पण तो आकडा खरा की खोटा हे तपासल्याशिवाय तो बाजूला कसा ठेवता येईल? स्टालिनग्राडचा स्नायपर वासिली झाइत्सेव्ह घ्या. त्याच्या नावावर २२५ नोंदी होत्या आणि त्याला ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा किताब फेब्रुवारी १९४३ मध्ये मिळाला. पावलिचेंकोला ३०९ नोंदींवर हाच किताब मिळाला तो २५ ऑक्टोबर १९४३ रोजी, म्हणजे ती आघाडीवरून परतल्यानंतर सव्वा वर्षाने आणि परदेश दौऱ्यातून ती जगप्रसिद्ध झाल्यानंतर. काही रशियन अभ्यासकांनीही तिच्या आकड्याविषयी शंका घेतल्या आहेत. प्रचारयंत्रणेला एक नायिका हवी होती आणि ती घडवली गेली, ही शक्यता इतिहासाच्या विद्यार्थिनीविषयी लिहिताना तरी टाळू नये.


शिशिरपान

गडवाट, हरकत रास्त आहे आणि ती टाळण्याचा माझा हेतू नव्हता.

नोंदीची पद्धत अशी होती की स्नायपरजवळ एक छोटी पुस्तिका असे आणि टिपलेल्या प्रत्येक सैनिकासाठी साक्षीदाराची, म्हणजे टेहळणी करणाऱ्या जोडीदाराची किंवा एखाद्या अधिकाऱ्याची, पुष्टी लागत असे. कागदावर ही पद्धत काटेकोर वाटते. प्रत्यक्षात ४०० मीटरवर खाली पडलेला माणूस मेला, जखमी झाला की जीव वाचवण्यासाठी पडून राहिला, हे साक्षीदारालाही नेहमी सांगता येत नाही. म्हणून कोणत्याही देशाच्या कोणत्याही स्नायपरचा आकडा हा जनगणनेसारखा आकडा नव्हे, असे माझे मत आहे. दुसऱ्या बाजूने पाहता, मे १९४२ मध्ये, म्हणजे अमेरिकेचे नावही निघालेले नसताना, २५७ सैनिक टिपल्याबद्दल तिचा लष्करी गौरव झाल्याचे सांगितले जाते. तो आकडाही फुगवलेला असू शकतो. पण तो परदेश दौऱ्यासाठी फुगवलेला नव्हता.

किताब उशिरा मिळाला याचा अर्थ मी आपल्याहून निराळा लावते. सेवास्तोपोल पडले तेव्हा तिची २५ वी डिव्हिजन तेथेच नष्ट झाली. तिच्यासाठी शिफारस लिहिणारे, पुस्तिकेवर सही करणारे, शेजारच्या खंदकातून पाहणारे, यांपैकी किती जण जिवंत उरले असतील? हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. मात्र ३०९ ऐवजी १०९ असते तरी सेवास्तोपोलचे आठ महिने आठच राहतात आणि मला लिहायचे आहे ते त्या आठ महिन्यांविषयी.


रानपिंगळा

विषयाला धरूनच एक लहान भर घालतो. ‘स्नायपर’ हा शब्द युरोपच्या रणांगणावर जन्मलेला नाही. त्याचे मूळ आपल्याकडच्या पाणथळ जागांत आहे. अठराव्या शतकात हिंदुस्थानात असलेले ब्रिटिश अधिकारी दलदलीतल्या ज्या पक्ष्याच्या शिकारीला जात, तो म्हणजे आपला पाणलावा. इंग्रजीत त्याला ‘स्नाइप’ म्हणतात. मातकट, पट्ट्यापट्ट्यांचा हा पक्षी चिखलात आणि गवतात असा मिसळून जातो की पायाखाली येईपर्यंत दिसत नाही आणि उडाला की नागमोडी वळणे घेत जातो. त्याला टिपणे फार अवघड, म्हणून त्याच्या शिकारीवरून क्रियापद तयार झाले आणि त्यावरून लपून नेम धरणाऱ्या सैनिकाचे नाव.

मी हिवाळ्यात धरणाच्या फुगवट्यावर पाणलावे पाहायला जातो. एकदा सुमारे दोन तास चिखलात पालथा पडून होतो आणि त्या दोन तासांत मान, कोपर आणि पोटरी यांखेरीज दुसरा विचार मनात आला नाही. असे उजेडापासून अंधारापर्यंत रोज, आणि तेही आपल्यावर कोणीतरी दुर्बीण लावून बसले आहे हे ठाऊक असताना, हे माझ्या कल्पनेपलीकडचे आहे.


धूळपाटी

या निमित्ताने फिनलंडच्या सिमो हायहा या स्नायपरची आठवण होणे अपरिहार्य आहे. तो पावलिचेंकोच्या अगदी उलट टोकाचा माणूस होता, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

जन्म १७ डिसेंबर १९०५, रशियाच्या सीमेलगतच्या राउत्यार्वी गावात, शेतकरी कुटुंबात. उंची जेमतेम सव्वापाच फूट. ३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएत संघाने फिनलंडवर हल्ला केला आणि १३ मार्च १९४० रोजी तह झाला. साडेतीन महिन्यांच्या त्या हिवाळी युद्धात हायहा कोल्ला नदीच्या आघाडीवर होता. त्याच्या नावावर ५०० च्या आसपास नोंदी आहेत. नेमका आकडा निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळा दिला जातो, त्यामुळे गडवाट यांची शंका येथेही लागू पडते.

त्याची पद्धत फार विचारपूर्वक ठरवलेली होती. रायफलीवर दुर्बीण लावायला तो नकार देत असे आणि नळीवरच्या साध्या लोखंडी माशीवरून नेम धरत असे. दुर्बिणीतून पाहायचे तर डोके काही बोटे वर उचलावे लागते, काच उन्हात चमकते आणि कडाक्याच्या थंडीत तिच्यावर वाफ धरते, ही त्याची कारणे. नळीसमोरचा बर्फ तो थापून घट्ट करी, म्हणजे गोळी सुटताना भुगा उडणार नाही; श्वासाची वाफ दिसू नये म्हणून तोंडात बर्फ धरी. ६ मार्च १९४० रोजी त्याच्या जबड्यात गोळी घुसली आणि चेहऱ्याची डावी बाजू उद्ध्वस्त झाली. तो शुद्धीवर आला तो १३ मार्चला, तहाच्याच दिवशी.

त्यानंतर हा मनुष्य अनेक शस्त्रक्रियांतून उठला, रुओकोलाहती परिसरात शेती करू लागला, एल्क हरणांच्या शिकारीला जाऊ लागला, कुत्री पाळू लागला, आणि १ एप्रिल २००२ रोजी ९६ व्या वर्षी मरण पावला. इतका अचूक नेम कसा साधला असे विचारल्यावर त्याचे उत्तर एका शब्दाचे असे: सराव. हिवाळी युद्धात लिहिलेली त्याची वही २०१७ मध्ये उजेडात आली. तिच्यात त्याने आपल्या नोंदींना ‘पापांची यादी’ म्हटले आहे.

पावलिचेंकोला मात्र गप्प राहण्याची मुभा कोणी दिलीच नाही. तिच्या सरकारला तिचा नेम हवा होता, त्याहून अधिक तिचे बोलणे हवे होते.


माजघर

धूळपाटी यांनी शेवटी जे लिहिले आहे त्याच धाग्याने अमेरिकेच्या दौऱ्याविषयी लिहिते, कारण मला तो तिच्या आयुष्यातला सर्वांत कठीण काळ वाटतो.

१९४२ च्या ऑगस्टअखेर ती वॉशिंग्टनला पोहोचली. जखम नुकती भरलेली, डिव्हिजन संपलेली, कित्सेंको गेलेला. बरोबर लेनिनग्राड आघाडीवरचा स्नायपर व्लादिमिर प्चेलिन्त्सेव्ह आणि युवक संघटनेचा पदाधिकारी निकोलाय क्रासावचेंको. निमित्त आंतरराष्ट्रीय विद्यार्थी परिषदेचे. खरा हेतू अमेरिका आणि ब्रिटनने पश्चिम युरोपात दुसरी आघाडी उघडावी यासाठी तेथील लोकमत तयार करण्याचा. व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्षांनी ज्यांचे स्वागत केले अशा सोव्हिएत नागरिकांत ती पहिली, असे सांगितले जाते.

आणि वार्ताहरांनी तिला विचारले काय? लढाईवर जाताना तुम्ही पावडर-लिपस्टिक लावता का? तुमच्या गणवेशाचा घागरा इतका लांब का? या गणवेशात तुम्ही जाड दिसता असे वाटत नाही का? सुरुवातीला ती गोंधळली, मग चिडली आणि मग तिने ठाम उत्तरे दिली: हा गणवेश मी अभिमानाने घालते, त्यावर लेनिन पदक आहे आणि तो लढाईत रक्ताने माखलेला आहे. मला त्या प्रसंगाची कल्पना करताना आजही संताप येतो. तीन महिन्यांपूर्वी जी प्रेतांमध्ये पडून होती, तिच्या घागऱ्याची लांबी मोजली जात होती.

शिकागोच्या सभेत तिने जमलेल्या पुरुषांना उद्देशून जे म्हटले ते प्रसिद्धच आहे. त्याचा आशय असा: सद्गृहस्थ हो, माझे वय २५ आहे आणि आतापर्यंत मी ३०९ फॅसिस्ट आक्रमक मारले आहेत, आपण फार काळ माझ्या पाठीआड लपून राहिला आहात, असे आपल्याला वाटत नाही का? (प्रत्यक्षात तेव्हा तिला २६ वे वर्ष पूर्ण झाले होते.) सभा क्षणभर स्तब्ध झाली आणि मग टाळ्यांचा कडकडाट झाला. शिशिरपान, आपला आकडा येथे पुन्हा येतो, पण वेगळ्या कामाला. तो तिने बढाईसाठी वापरलेला नाही, शरम वाटायला लावण्यासाठी वापरलेला आहे. दुसरी आघाडी प्रत्यक्षात उघडली ती जून १९४४ मध्ये, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर.

अमेरिकेनंतर कॅनडा आणि ब्रिटन झाले. नोव्हेंबर १९४२ मध्ये ती कॉव्हेंट्रीला गेली. दोन वर्षांपूर्वी जर्मन बॉम्बफेकीत हे शहर बेचिराख झाले होते. तेथील कामगारांनी लाल सेनेसाठी क्ष-किरण यंत्रे घ्यायला ४,५१६ पौंड जमवून तिच्या हाती दिले. आर्सेनल कारखान्यात यंत्रावर काम केलेल्या त्या स्त्रीला ही माणसे अधिक जवळची वाटली असतील, असे मला वाटते.


उंबरठा

मी येथे सहसा लिहीत नाही. माझे वडील १९७१ च्या युद्धात पूर्व आघाडीवर होते, म्हणून लिहावेसे वाटले.

लहानपणी मी त्यांना अनेकदा विचारले की तुम्ही किती शत्रू मारले. त्यांनी या प्रश्नाचे उत्तर कधीच दिले नाही. रागावले नाहीत, पण उत्तरही दिले नाही. मात्र त्यांच्या सेक्शनमधल्या दहाही जणांची नावे, गावे, घरी कोण कोण होते, कोणाला कोणती भाजी आवडत नसे, हे सगळे त्यांना शेवटपर्यंत तोंडपाठ होते. त्या दहांपैकी तिघे परत आले नाहीत. त्यांतल्या एकाच्या गावी ते दर वर्षी पोळ्याच्या सुमारास जात आणि त्याच्या आईला लुगडे नेत. आई वारल्यावरही दोन वर्षे गेले.

शिशिरपानताई, आपण तिच्या डिव्हिजनविषयी जे लिहिले आहे ते वाचून मला वाटले की तिलाही ते आकडे ठाऊक असणार. ते तिला कोणी विचारले असतील का?


शिशिरपान

उंबरठा, आपला प्रतिसाद मी तीन वेळा वाचला. आपल्या वडिलांना माझा नमस्कार.

सेवास्तोपोलमधून शेवटच्या दिवसांत बाहेर काढले गेले ते प्रामुख्याने वरिष्ठ अधिकारी आणि काही जखमी. बाकीचे हजारो सैनिक समुद्राला पाठ लावून लढत राहिले आणि मारले गेले किंवा कैद झाले. पावलिचेंको वाचली, कारण ती वेळेवर जखमी झाली. तिच्याबरोबरचे, तिने स्वतः शिकवलेले स्नायपर तेथेच राहिले. वॉशिंग्टनमध्ये घागऱ्याविषयी प्रश्न झेलताना तिच्या मनात ही माणसे नसतील, असे मला वाटत नाही. तिला विचारलेल्या प्रश्नांची जी वर्णने मी वाचली, त्यांत त्यांच्याविषयीचा प्रश्न मला आढळला नाही.


जाईजुई

सर्वांचे लेखन आदराने वाचते आहे. तरीही एक प्रश्न विचारणे मला आवश्यक वाटते. जो माणूस दुर्बिणीतून समोरच्याचा चेहरा पाहतो आणि नंतर चाप ओढतो, त्याच्याविषयी आपण इतक्या जिव्हाळ्याने लिहावे का? रुमानियाचा तो शेतकऱ्याचा पोर, ज्याला सक्तीने भरती करून ओदेसाला आणले असेल, त्याच्याही घरी आई होतीच. तोफेचा गोळा कोणाला लागला हे तोफ डागणाऱ्याला कळत नाही, स्नायपरला कळते. मला हा फरक लहान वाटत नाही.


माजघर

जाईजुई, नेमका हाच प्रश्न तिला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट यांनी विचारला होता. पावलिचेंकोच्या आठवणींनुसार व्हाइट हाउसमधल्या पहिल्याच सकाळी, न्याहारीच्या वेळी त्या म्हणाल्या की शत्रूचा चेहरा दुर्बिणीतून स्पष्ट दिसत असताना आपण गोळी झाडली असेल, तर अमेरिकन स्त्रियांना आपल्याला समजून घेणे अवघड जाईल. पावलिचेंकोने उत्तर दिले त्याचा मथितार्थ असा की, तुमच्या सुंदर देशात आम्ही आलो याचा आनंद आहे. तुम्ही युद्धापासून दूर आहात, तुमची गावे कोणी जाळत नाही. माझा जोडीदार सेवास्तोपोलमध्ये माझ्या डोळ्यांदेखत गेला आणि मला दुर्बिणीत दिसणारा प्रत्येक माणूस मला त्याचा मारेकरी दिसतो.

हे उत्तर नैतिक दृष्ट्या पुरेसे आहे असे मी म्हणणार नाही. दुःखात बुडालेल्या माणसाचे ते उत्तर आहे. पण त्या दोघींची मैत्री या कठोर संवादापासून सुरू झाली. एलेनॉर यांनी तिला टाळले नाही. देशभर हिंडून आपले म्हणणे लोकांना सांग असे सुचवले आणि दौऱ्यात तिला साथ दिली.


शिशिरपान

जाईजुई, माझेही उत्तर अपुरेच असणार, तरी देते. जिव्हाळा मला तिच्या नेमाविषयी नाही. रुमानियाच्या त्या पोराविषयी आपण लिहिले ते योग्यच आहे, आणि इतिहास शिकलेल्या पावलिचेंकोला ते कळत नव्हते असे मी मानत नाही. तिच्या देशावर आक्रमण झाले होते. ओदेसा शहरात रुमानियाच्या अमलाखाली ऑक्टोबर १९४१ मध्ये हजारो ज्यूंची कत्तल झाली, ती सोव्हिएत सैन्य तेथून निघाल्यानंतर काही दिवसांतच. ज्या शहराचे रक्षण करता आले नाही त्या शहराचे काय झाले, हे तिला नंतर कळले असेलच. हे सगळे एकत्र धरल्यावरही आपला प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो मी शिल्लक ठेवते.


धूळपाटी

एक गोष्ट नोंदवायची राहिली. पावलिचेंको एकटी नव्हती. मे १९४३ मध्ये मॉस्कोजवळ महिलांसाठी स्वतंत्र केंद्रीय स्नायपर प्रशाला सुरू झाली आणि युद्ध संपेपर्यंत तेथून एक हजारांहून अधिक स्नायपर बाहेर पडल्या. त्यांतली रोझा शानिना आर्खांगेल्स्कच्या एका बालवाडीत शिक्षिका होती. सोव्हिएत सैनिकांना दैनंदिनी लिहायला बंदी असतानाही ती लिहीत राहिली. २८ जानेवारी १९४५ रोजी पूर्व प्रशियात, एका जखमी अधिकाऱ्याला आपल्या देहाने झाकताना झालेल्या जखमांनी ती मरण पावली. वय २० वर्षे. तिची दैनंदिनी उरली आणि छापली गेली. बाकीच्या कित्येकींचे नावापलीकडे काही उरलेले नाही.


गडवाट

चर्चा माझ्या पहिल्या हरकतीच्या बरीच पुढे गेली आणि ते चांगले झाले. आकड्याविषयीची शंका मी मागे घेत नाही, पण सेवास्तोपोलच्या कागदपत्रांविषयी शिशिरपान यांनी मांडलेला तर्क मला विचार करण्यासारखा वाटतो. एक साधा प्रश्न उरतो. तो ख्मेलनित्स्कीवरचा अभ्यास पूर्ण झाला का? युद्धानंतर तिचे काय झाले?


शिशिरपान

परदेशातून परतल्यावर तिला पुन्हा आघाडीवर पाठवले नाही. युद्ध संपेपर्यंत ती नव्या स्नायपरना शिकवत राहिली आणि मेजर या हुद्द्यापर्यंत पोहोचली. १९४३ मध्ये तिचे चित्र असलेले टपाल तिकीट निघाले. दुसरे निघाले १९७६ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर. युद्ध संपताच ती कीव विद्यापीठात परतली आणि तिने इतिहासाची पदवी पूर्ण केली. हा तपशील मला सगळ्या पदकांहून मोठा वाटतो. १९४५ ते १९५३ या काळात तिने सोव्हिएत नौदलाच्या मुख्यालयात संशोधन साहाय्यक म्हणून काम केले, म्हणजे हाती घेतलेला विषय तिने सोडला नाही. नंतर माजी सैनिकांच्या समितीत काम केले. १० ऑक्टोबर १९७४ रोजी, ५८ व्या वर्षी ती मॉस्कोत वारली आणि नोवोदेविची दफनभूमीत तिचे दफन झाले.

मात्र माजघर यांनी सुरू केलेली दोघींची गोष्ट अर्धी राहिली आहे, ती पुरी करते. १९५७ मध्ये एलेनॉर रूझवेल्ट मॉस्कोला आल्या. शीतयुद्ध ऐन भरात होते आणि त्यांच्या प्रत्येक पावलावर सरकारी माणूस बरोबर असे. त्यांनी पावलिचेंकोला भेटण्याचा हट्ट धरला आणि तो शेवटी मान्य झाला. भेट झाली ती तिच्या दोन खोल्यांच्या घरात. सरकारी माणूस ऐकत असल्यामुळे दोघी काही वेळ औपचारिक, कोरडे बोलत राहिल्या. मग पावलिचेंकोने काहीतरी निमित्त काढून पाहुणीला आतल्या खोलीत नेले, दार लोटून घेतले आणि अर्धवट हसत, अर्धवट रडत तिला मिठी मारली. त्यानंतर दोघी पलीकडच्या माणसाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात १९४२ च्या त्या दौऱ्याविषयी बोलत राहिल्या.